बरोबर

कोह्त्ला-यार्वेचं वाचनालय, वरचा मजला,
दर मंगळवारी सहा ते आठ.
खिडकीत राखेचा डोंगर, डोंगरावर जानेवारीचं बर्फ.
आत आम्ही पाच जण, आणि चार चष्मे.

मी राइसा. एकोणतीस वर्षं क्रेन चालवली.
खाली गेन्नादी उभा. त्याची मूठ आवळली: थांब.
अंगठा वर: उचल.
तळवा हलका हलका खाली: सावकाश, बाई, सावकाश.
एवढ्याच व्याकरणावर अख्ख्या खाणीचं लोखंड
इकडचं तिकडे केलं,
कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही.

चाळिशीत एस्टोनियन शिकले, पासपोर्टासाठी.
चौदा विभक्त्या.
भांडी घासताना एकेका भांड्याला चौदाही लावून बघायचे.
आर्सेनी म्हणायचा, चमच्याला तरी सोड.

आता ही तिसरी.
तावेत, आमचा मास्तर (माझे खाणीतले बूट त्याच्याहून थोरले),
सांगतो, हिच्यात राखीव शब्द जेमतेम पस्तीस.
पस्तीस शब्दांत धड भांडताही येत नाही.

पहिल्या दिवशी म्हणाला, मोजायचं शून्यापासून.
रांगेत जो सगळ्यांत पुढे, त्याचा क्रमांक शून्य.
गेन्नादी उठून उभाच राहिला.
"पावासाठी मी पहाटे चारला जाऊन थांबायचो,
सगळ्यांच्या आधी. तो मी शून्य?"
तावेत बराच वेळ खडूशी खेळत राहिला.

मग समास.
ओळ आत घ्यायची तर चार जागा, आणि घेतली की तशीच पाळायची.
कोण कुणाच्या पदराखाली
हे तो किती आत उभा आहे त्यावरून ठरतं.
मी लिहिलं:

जर भोंगा झाला:
    दिवा विझव
घरी जा

"घरी जा" चार जागा बाहेर राहिलं.
भोंगा झालाच नव्हता, तरी यंत्रानं मला घरी धाडलं.
सगळे हसले. मीही.
खाणीनं तरी दुसरं काय केलं होतं?

पण मला अडवलं ते बरोबरच्या खुणेनं.
शाळेत ती तराजूसारखी होती, दोन्ही पारडी सारखी.
इथे एक बरोबर म्हणजे ठेव:
उजवीकडचं उचल, डावीकडे ठेव.
हे मला येतं. क्रेन दुसरं काय करते.
दोन बरोबर शेजारी शेजारी म्हणजे मात्र विचार:
हे आणि ते खरंच सारखं आहे का?
उत्तर हो किंवा नाही. मधलं काही चालत नाही.

मी जन्मभर एकाच बरोबरवर भागवलं.
ठेवलं, ते तिथं राहिलं.
आर्सेनी बरोबर होता.
आर्सेनी बरोबर नव्हता.
दोन्ही वाक्यं मी एकाच संध्याकाळी म्हटलेली आहेत
आणि दोन्ही वेळा तो सूप पीत होता.

आज यंत्र ओरडलं: सातवी ओळ चूक.
सातवी मी चारदा वाचली. तिच्यात काही नाही, बिचारी निर्मळ.
तावेत मागून वाकला, न बोलता सहावीवर बोट ठेवलं.
कंस उघडला होता, मिटवलाच नव्हता.
"असंच होतं," म्हणाला, "चूक एकीची, बोंब दुसरीच्या दारात."
मी त्याच्याकडे बघितलं. चोवीस वर्षांचा पोरगा,
हे त्याला कुठून कळलं?
त्याला फक्त कंसाविषयी बोलायचं होतं.

कंस मिटवला. चाललं.
काळ्या पडद्यावर एकच शब्द उमटला, मीच लिहिलेला: सावकाश.
गेन्नादीनं पलीकडून तळवा हलवला, हलका हलका, खाली.

आठ वाजता बाकीचे कोट चढवत होते.
हॅशची जाळी टाकली की पुढची ओळ यंत्र वाचत नाही,
ती माणसांसाठी. शेवटी तेवढी एक लिहून ठेवली:

# पुढल्या मंगळवारी तावेतला खारवलेल्या काकड्या. बरणी परत मागायची.